वादविवादाच्या टीममध्ये जागा कशी मिळवायची: कोल्हापूरच्या पोरापोरींसाठी

कॉलेजचे प्रवेश आटोपले की माझ्याकडं एक ठरलेला प्रश्न येतो. "ताई, वादविवादाच्या टीममध्ये घेतात कसं?" विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या हातात प्लॅस्टिकची फाईल असते आणि त्यात पाचवीपासूनची वक्तृत्वाची प्रशस्तिपत्रकं. शिवजयंतीचं भाषण, शाहू जयंतीचं भाषण, सावित्रीबाईंवरचं भाषण. फाईल बघून बरं वाटतं, पण तिच्या जोरावर संघात जागा मिळत नाही हे मी आधीच सांगून टाकते. तोंडपाठ भाषण ठोकणारी पोरं कोल्हापुरात पैशाला पासरी आहेत. संघ बांधणारे सर शोधत असतात ते दुसऱ्याचं नीट ऐकून त्याला जागच्या जागी उत्तर देणारं पोरगं.

मी बिद्रीकडची. कॉलेजात असताना एसटीनं ये-जा करत संघात बोलले, आता इथंच वकिली करते. कोर्ट सुटल्यावर एखाद्या संध्याकाळी पोरांबरोबर बसते, कुणी बोलावलं तर परीक्षक म्हणूनही जाते. त्यामुळं टेबलाच्या दोन्ही बाजूंचं थोडंफार ठाऊक आहे, तेवढंच सांगते.

आधी माणूस गाठा

नोटीस बोर्डावर विसंबू नका. काचेच्या कपाटातली नोटीस बऱ्याचदा स्पर्धा होऊन गेल्यावर दिसते. आता बहुतेक निरोप व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात आणि त्या ग्रुपमध्ये नव्या पोरांना कुणी आपणहून घेत नाही. कुठल्या कॉलेजात वादविवाद वाङ्मय मंडळाकडं असतो, कुठं मराठी विभागाकडं, कुठं सांस्कृतिक समितीकडं. इंग्रजी स्पर्धा वेगळ्याच मॅडम बघतात. हे सगळं कुणाला विचारायचं? ऑफिसबाहेरच्या शिपाईमामांना. संघाबरोबर बाहेरगावी कोणते सर जातात हे त्यांना पाठ असतं, कारण पत्रावर प्राचार्यांची सही घ्यायला तेच पळतात.

सर कळले की मेसेज टाकत बसू नका, दोन तासांच्या मधल्या वेळेत स्टाफरूममध्ये जाऊन भेटा. नाव, वर्ग, कुठल्या भाषेत बोलता आणि किती वाजता मोकळे असता, एवढंच सांगा. शेवटचा मुद्दा फालतू वाटेल, पण सायन्सच्या पोरांची प्रॅक्टिकल दुपारी असतात आणि तालीम नेमकी तेव्हाच लागते. "सर, बुधवार-शुक्रवार तीननंतर मोकळी आहे" असं सांगणारी मुलगी सरांच्या डोक्यात राहते.

अकरावी-बारावीवाल्यांसाठी एक सूचना. शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात कनिष्ठ महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना उतरता येत नाही. तुम्ही खुल्या गटाच्या किंवा कनिष्ठ गटाच्या स्पर्धा गाठा, आणि सीनियरच्या तालमीला मागच्या बाकावर बसायची परवानगी मागा. सहसा कुणी नाही म्हणत नाही.

निवड चाचणी

चाचणी म्हणजे एखादा रिकामा वर्ग, दोन-तीन प्राध्यापक, बोलायला तीन मिनिटं आणि क्रमासाठी चिठ्ठ्या. विषय आदल्या दिवशी देतात किंवा तिथंच फळ्यावर लिहितात. आता त्या वर्गात नजर फिरवा. प्रत्येक जण मान खाली घालून आपला कागद पुटपुटत असतो. पुढं उभा राहिलेला काय बोलतोय याकडं कुणाचंही लक्ष नसतं, आणि तुमची संधी तिथंच आहे.

आपला कागद उलटा ठेवा आणि आधीच्या पोरांची वाक्यं टिपून घ्या. समजा विषय आहे मोबाईलमुळं वाचन संपलं का. तुमच्या आधीचा म्हणाला, "परवाच मी एका बातमीत वाचलं, आजची पिढी वाचत नाही." तुमचा नंबर आला की पहिलंच वाक्य असं टाका: "माझ्या आधीच्या मित्रानं ही बातमी कशावर वाचली हे त्यानं सांगितलं नाही. त्याच्या खिशातला मोबाईल बघून मला अंदाज येतोय." वर्ग हसेल ती गोष्ट वेगळी. खरा फरक असा पडतो की इतका वेळ कागदावर रेघोट्या मारत बसलेले सर मान वर करतात. मग मात्र लगेच मुद्द्यावर या. दुसरी कोटी केलीत तर पहिलीही वाया गेली समजा.

बाजू निवडायला सांगितली तर गर्दी नसलेली बाजू घ्या. दहातले आठ जण "सोशल मीडिया घातक आहे" म्हणणार असतील, तर नववा घातकवाला कुणाला आठवणार? शिवाय अवघड बाजू मागून घेणारा पुढं कुठल्याही चिठ्ठीला भिणार नाही, हे सरांना कळतं.

तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं. मी परीक्षक असते तेव्हा घंटेनंतर बोलत राहणाऱ्याचं पुढचं काही लिहूनच घेत नाही.

एक पान, दोन बाजू

निवड झाली की तयारीची सवय लावायची. माझी पद्धत जुनी आहे: वहीच्या मधोमध उभी रेघ, डावीकडं अनुकूल, उजवीकडं प्रतिकूल, आणि खाली चार ओळी मोकळ्या. घरच्या विषयापासून सुरुवात केली तर जमतं. म्हणून मी नव्या पोरांना नेहमी "कोल्हापूरची हद्दवाढ झालीच पाहिजे" हाच विषय देते, म्हणजे आजूबाजूची गावं महापालिकेच्या हद्दीत घ्यावीत की नाही. पेठेत राहणाऱ्या पोराला वाटतं व्हायलाच पाहिजे, शहराला लागून असलेल्या पाचगावच्या पोरीला वाटतं अजिबात नको. दोघं पहिल्या दिवशी नुसती भांडतात. भांडू द्यायचं, आणि मग वही उघडायची.

डाव्या बाजूला आधी न हलणाऱ्या गोष्टी लिहा. नगरपालिकेची महानगरपालिका झाली १९७२ साली, पण नंतर कितीतरी दशकं हद्द होती तिथंच राहिली. क्षेत्रफळ सुमारे ६७ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५ लाख ४९ हजार. आता यातून मुद्दा काढा: लोकसंख्येच्या हिशेबानं जो निधी मिळतो, त्यात शहर मागं पडतं. दुसरा मुद्दा: कळंबा, पाचगाव, मोरेवाडी, उचगाव इथली माणसं नोकरी, शाळा, दवाखाना सगळ्याला शहरात येतात, महापालिकेच्या केएमटी बसनं फिरतात, पण त्या सोयींचा भार शहराच्या करदात्यावर. तिसरा: शहर वाढायचं थांबत नाही, ते कसंही वाढतं, मग निदान आराखड्यानं वाढू दे.

उजव्या बाजूला गावाचं म्हणणं. घरफाळा वाढणार. ग्रामपंचायत जाणार, म्हणजे नावानं हाक मारता येईल असा सदस्य जाऊन चार गल्ल्यांपलीकडचा नगरसेवक येणार. शेतजमिनीवर आरक्षणं पडणार. आणि सगळ्यात जड मुद्दा: आहे त्या हद्दीत पाणी, रस्ते, कचरा नीट होत नाही, तर नवी गावं घेऊन काय करणार? याच भांडणावर तोडगा म्हणून २०१७ मध्ये, गावं हद्दीत न घेता त्यांचा विकास बघायला, ४२ गावांचं प्राधिकरण आलं. ती माहिती दोन्ही बाजूंना वापरता येते. अनुकूलवाला म्हणेल, "प्राधिकरण करूनही प्रश्न सुटला नाही, म्हणजे हद्दवाढच हवी." प्रतिकूलवाला म्हणेल, "एक व्यवस्था आणलीत, ती तरी धड चालवा." एकच माहिती दोन्हीकडं वळवता आली की समजायचं विषय पचला.

खालच्या चार मोकळ्या ओळी खंडनासाठी. समोरचा सगळ्यात जोरात काय म्हणेल ते त्याच्या शब्दांत लिहायचं आणि त्याखाली आपलं उत्तर. "आहे तेच सांभाळता येत नाही" याला काय उत्तर द्याल? "महापालिका चांगली चालते" असं म्हणालात तर लोक हसतील. "कारभार वाईट आहे हे कबूल, पण वाईट कारभाराचा उपाय कारभार सुधारणं हा आहे; पाचगावची गटारं त्याची वाट बघत थांबणार नाहीत" हे चालेल. समोरच्याचं खरं असेल तेवढं मान्य करायचं आणि पुढं जायचं. नव्या पोरांना हे सगळ्यात जड जातं, त्यांना वाटतं कबूल केलं की हरलो. परीक्षकाचा विश्वास बसतो तो नेमका तिथं.

आकडे कुठून आणायचे? भवानी मंडपाजवळचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. तिथं जाऊन वर्तमानपत्रं चाळा. विद्यापीठाच्या कॉलेजात असाल तर विद्यापीठाच्याच खर्डेकर ग्रंथालयात बसता येतं का ते विचारा. फॉरवर्ड आलेला आकडा बोलू नका. पुराच्या विषयावर एक जण पंचगंगेची धोका पातळी ३९ फूट सांगून गेला. ३९ ही इशारा पातळी, धोका ४३ ला. पुढच्या वक्त्यानं तेवढंच दुरुस्त केलं आणि पहिल्याचं सगळं भाषण पडलं. कोल्हापुरात तरी हा आकडा चुकवू नये.

वह्या दरवर्षी नव्या करा. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात व्हावं की नाही हा आमच्या वेळचा हुकमी विषय होता. ऑगस्ट २०२५ मध्ये बेंच सुरू झालं आणि कितीतरी जणांच्या भरलेल्या वह्या रद्दीत गेल्या. माझी मात्र सोय झाली, ते असो.

स्पर्धा कसल्या कसल्या

आपल्याकडच्या मराठी वादविवादात एका कॉलेजचे दोघं जातात, एक अनुकूल बोलतो, दुसरा प्रतिकूल. म्हणजे जोडीदार तुमच्या विरुद्ध बाजूचा असतो, आणि सांघिक ढाल दोघांच्या गुणांची बेरीज करून मिळते. म्हणून तयारी एकत्रच करायची, एकमेकांची भाषणं फोडायची. वक्ता चांगला पण तालमीला न येणारा असा जोडीदार घेण्यापेक्षा बेताचा पण रोज येणारा घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवाजी विद्यापीठाचा युवा महोत्सव आधी जिल्ह्याचा, कोल्हापूर, सांगली, सातारा असा वेगवेगळा, आणि मग मध्यवर्ती. त्यापुढं विद्यापीठाचा संघ निवडला जातो: राज्यातल्या विद्यापीठांचा इंद्रधनुष्य महोत्सव, आणि भारतीय विद्यापीठ संघाचे पश्चिम विभागीय व राष्ट्रीय महोत्सव. इथं एक मेख आहे. त्या विभागीय-राष्ट्रीय पातळीवर वक्तृत्व आणि वादविवाद हिंदी किंवा इंग्रजीतच होतात, प्रत्येकी पाच मिनिटं. मराठीत जिल्हा गाजवलेली कितीतरी पोरं तिथं अडकतात. आपली हिंदी म्हणजे "मेरे को ऐसा लगता है" छापाची. पहिल्या वर्षापासून आठवड्याला एक विषय हिंदीत बोलायला घ्या, तिसऱ्या वर्षी उपयोगी पडेल.

इंग्रजी पार्लमेंटरी डिबेट हा वेगळाच खेळ. ब्रिटिश पद्धतीत दोघादोघांचे चार संघ, विषय कळल्यावर पंधरा मिनिटं तयारी, सात मिनिटं बोलायचं. एशियन पद्धतीत तिघांचा संघ आणि अर्धा तास तयारी. बाजू चिठ्ठीनं मिळते, आणि तुम्ही बोलत असताना समोरचा उठून प्रश्न विचारू शकतो. पहिलं आणि शेवटचं मिनिट तेवढं सुरक्षित. या स्पर्धा जास्त करून पुण्या-मुंबईकडं होतात. जायला मिळालं तर जा, भले पहिल्या फेरीत घरी या. लॉ कॉलेजवाल्यांना मूट कोर्ट, म्हणजे लुटुपुटूच्या खटल्याची स्पर्धा असते, पण तो स्वतंत्र विषय आहे.

व्यासपीठावर

बहुतेक ठिकाणी तुम्हाला क्रमांक मिळतो आणि कॉलेजचं नाव उच्चारायला बंदी असते. कॉलेजचा बिल्ला, ब्लेझर घालून जाऊ नका. दुसऱ्याचं खंडन करतानाही "क्रमांक सातच्या स्पर्धकानं मांडलेला मुद्दा" असंच म्हणायचं. क्रमांक एक आला तर रडू नका. तुमच्या आधी कुणी बोललेलं नाही, म्हणून "माझ्यानंतर येणारे मित्र असं म्हणतील की" असं म्हणून त्यांच्या मुद्द्याची हवा आधीच काढा. पुढचे तीन-चार जण तेच भाषण पाठ करून आलेले असतात आणि त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

शेवटचे क्रमांक आले तर अडचण वेगळी. सभागृह रिकामं, परीक्षकांपुढं तिसरा चहा. तिथं "सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावरील मान्यवर, अचूक वेळ देणारे वेळाधिकारी आणि माझ्या प्रतिस्पर्धी मित्रांनो" यात तीस सेकंद घालवली तर पाच मिनिटांचा दहावा हिस्सा नमस्कारातच गेला. "नमस्कार, मी विषयाच्या विरोधात बोलतेय" एवढ्यावर भागतं. मराठीत सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द जातात, म्हणजे पाच मिनिटांचं भाषण सहाशे शब्दांच्या आत लिहा, आणि त्यातलं शेवटचं मिनिट खंडनासाठी कोरं ठेवा. पहिली घंटा सहसा एक मिनिट उरल्यावर होते. ती झाली की नवा मुद्दा काढायचा नाही.

थोरांच्या तोंडी वाक्यं घालू नका. शाहू महाराज असं म्हणाले, तसं म्हणाले, यातली निम्मी वाक्यं कुणीतरी मोबाईलवर रचलेली असतात. महाराजांनी केलं काय ते सांगा: २६ जुलै १९०२ चा ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा हुकूम, १९१७ चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. तारखेला कुणी खोडून काढू शकत नाही. गझलेच्या दोन ओळींनी शेवट करायची फॅशनही आता पुरे; एका दुपारी तोच शेर चौथ्यांदा ऐकला की परीक्षकाचं पेन खाली ठेवलं जातं.

भाषेचं काय? कोल्हापुरी हेलाला लाजायचं कारण नाही. शब्द स्पष्ट पाहिजे, न आणि ण नीट पाहिजे, बाकी हेल असू दे. पोरींनी तेवढं सांभाळावं: गल्लीत आपण "मी येतो, मी जातो" म्हणतो, बाहेरगावचा परीक्षक दचकतो.

घर, पैसे, एसटी

प्रवेश फी आणि प्रवासखर्च कॉलेज देतं का ते निघायच्या आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी आधी खिशातून घालून नंतर तिकिटं दाखवावी लागतात. तिकिटं जपून ठेवा. ओळखपत्र आणि प्राचार्यांच्या सहीचं पत्र नसेल तर दारातून परत पाठवतात. हजेरीसाठी त्या दिवसाच्या प्रत्येक तासाच्या सरांना आधी सांगून ठेवा, नंतर परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी कुणी ऐकून घेत नाही. महोत्सवाला वयाचीही अट असते. मध्ये वर्षं गेली असतील तर ती नियमपत्रिकेत बघून घ्या.

गावाकडच्या पोरींचा खरा प्रश्न निकालाचा असतो. स्पर्धा नऊची म्हणून साडेअकराला सुरू होणार, पाहुण्यांची भाषणं दोन, निकाल सातला. तोवर शेवटची एसटी गेलेली. "बरोबर कोणत्या मॅडम आहेत, परत कोण सोडणार" हे घरी आधी सांगा आणि मॅडमचा आईशी एक फोन घालून द्या. माझ्या घरी वडिलांचा विरोध भाषणाला नव्हताच, अंधाराला होता. फोन झाला आणि विषय मिटला. शहरातल्या एखाद्या मैत्रिणीकडं मुक्कामाची सोय असेल तर उत्तम.

संघात पहिल्या वर्षी नाव नाही लागलं तरी तालमीला जात रहा. कुस्तीच्या तालमीत नव्या पैलवानाला आधी माती उकरायला लावतात, इथं घंटा वाजवायला लावतात. वेळाधिकारी होऊन तीस भाषणं ऐकली की कोण कुठं घसरतो ते फुकटात कळतं. शिवाय राखीव म्हणून नाव असलेल्यांना ऐनवेळी उभं राहायची वेळ फार वेळा येते. कुणाचा घसा बसतो, कुणाची परीक्षा त्याच दिवशी निघते. विषयाची वही तयार असलेलाच मग गाडीत बसतो.

निकालानंतर नंबर येवो न येवो, परीक्षकांना गाठा आणि एकच प्रश्न विचारा: "सर, माझे गुण कुठं गेले?" भांडणाच्या सुरात नको. आम्ही गुणपत्रिकेत आशय, मांडणी, खंडन, भाषा असे रकाने भरतो, त्यातला कोणता रकाना रिकामा राहिला ते सांगायला बहुतेकांची हरकत नसते. ढाल कॉलेजला जाते आणि प्राचार्यांच्या केबिनमधल्या कपाटात बसते, ती तुमची नव्हे. तुमचं ते प्रशस्तिपत्रक. हातात पडल्या पडल्या त्यावरचं नाव, कॉलेज आणि तारीख तिथंच वाचून घ्या. आडनावात काना-वेलांटी चुकलेली असते, आणि घरी आल्यावर लक्षात आलं तर दुरुस्तीसाठी इचलकरंजी नाहीतर कराडला पुन्हा एक खेप पडते.